‘मी काहीच केलेलं नाही’ असं मुलाखतीत म्हणण्याआधी

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून तू छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी.ला आलीस, आता दुसऱ्या वर्षाला आहेस. मागच्या वर्षी रासेयोच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, गटप्रमुखपदाच्या मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटल्यावर नाव-गाव सांगून गप्प झालीस आणि खोलीवर येऊन रडलीस. यंदा एकाच आठवड्यात तीन मुलाखती आल्यात: रासेयो, सांस्कृतिक मंडळ आणि वार्षिकांकाचं संपादक मंडळ. बोलणं गावाकडचं, त्यावर मुली हसतात, आत गेलं की हात थरथरतात. आणि जाता जाता तू एक वाक्य लिहिलंस, ‘आईच्या बचत गटाचा हिशोब आठवीपासून लिहिते, ते सोडलं तर मी काहीच केलेलं नाही.’

मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. दोन वेळा मिळून सात वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते, पुढे सांस्कृतिक विभाग आणि वार्षिकांकही माझ्याकडे आले. म्हणजे तू ज्या टेबलासमोर उभी राहणार आहेस, त्याच्या पलीकडच्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसले आहे. तुला अगंतुगं करतेय, वर्गातली सवय आहे, राग मानू नकोस.

तुला वाटतं अडचण भाषेची आणि थरथरीची आहे. त्या दोन्ही आहेत, त्यावर बोलूच. पण मला खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात दिसते. जे काम तू सहा वर्षं केलंस, ते तू कामात धरतच नाहीस. मग ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटल्यावर डोकं रिकामं होणारच. डोक्यात जे आहे ते सांगण्यासारखं नाही, असं तू आधीच ठरवून गेलेली असतेस.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्या मुलाखती एका मापाच्या नसतात. रासेयोत नुसतं नाव नोंदवायला बहुतेक ठिकाणी मुलाखत नसते, फॉर्म भरला की झालं. मुलाखत असते ती गटप्रमुखासाठी किंवा विद्यापीठ पातळीवरच्या शिबिरांसाठी, उदाहरणार्थ ‘आव्हान’ हे आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर. एनसीसीत धावणं आणि शारीरिक चाचणीला मोठं वजन, बोलणं नंतर. विद्यार्थी परिषदेचं गणितच वेगळं, तिच्या नेमणुका आणि निवडणुका कायद्याने ठरतात. सांस्कृतिक मंडळात गाणं, नाटक, नृत्य यासाठी जायचं असेल तर ती मुलाखत नसतेच, ती चाचणी असते, तिथे कला दाखवावी लागते. आणि समोर कोण बसलंय यानं तर फारच फरक पडतो. प्राध्यापक असतील तर प्रश्न साधे असतात. तिसऱ्या वर्षाची मुलं असतील तर त्यांना स्वतःलाच मुलाखत घ्यायची सवय नसते, म्हणून ती उगाच कडक वागतात. हे माहीत असलं की त्यांचा आवाज चढला तरी आपल्याला फार लागत नाही.

एक कडू गोष्टही सांगून टाकते. काही ठिकाणी नावं आधीच ठरलेली असतात. मी स्वतः एकदा अशा निवडीत बसले होते. यादी माझ्यापुढे सहीला आली, तेव्हा बाहेर अजून अकरा मुलं रांगेत उभी होती. मी सही केली नाही, पण यादी बदलली नाही. तेव्हा निवड झाली नाही म्हणजे आपल्यात काही कमी होतं, असा हिशोब दर वेळी मांडू नकोस.

आता मी टेबलामागून काय बघायचे ते सांगते.

सात दिवसांच्या निवासी शिबिराचा विचार कर. दत्तक गावातली शाळा, पन्नास-साठ पोरं-पोरी, एक आचारी, दोन शिक्षक. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री कार्यक्रम. तिथे पहिल्या दिवशी भाषण ठोकणारी मुलं पुष्कळ असतात. चौथ्या दिवशी टिकाव-फावडी मोजून परत ठेवणारं एखादंच असतं. मुलाखतीत मी ते एखादं शोधत असते. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य मी एका दिवसात तीस वेळा ऐकलंय, आणि त्यावरून मला काहीही कळत नाही.

एक मुलगा आठवतो. निलंगा तालुक्यातला, अंगात शर्ट मोठ्या भावाचा असावा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. ‘तू काय केलंयस आजवर?’ म्हटलं. म्हणाला, ‘काही नाही मॅडम, गावच्या सप्त्यात वाढप्या असतो.’ मी विचारलं, किती माणसं असतात? तो म्हणाला, काल्याच्या दिवशी हजाराच्या वर. मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. पोळ्या घराघरातून येतात, त्या गोळा करायला कोणत्या गल्लीत कोण जातं. पत्रावळीनंतर आधी मीठ का फिरवायचं. आमटीची बादली भरून नेली की हिसळते आणि पंगतीतली म्हातारी माणसं पोळतात, म्हणून ती पाऊणच भरायची. बायकांची पंगत शेवटी बसते आणि तोवर बुंदी संपलेली असते, म्हणून त्यानं दोन वर्षांपासून एक टोपलं आधीच झाकून बाजूला ठेवायला सुरुवात केली होती. हे शेवटचं ऐकल्यावर मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्या वर्षी शिबिराचं भोजन त्यानं सांभाळलं. वाढताना त्याची नजर शेवटच्या ताटावर असायची.

तर तुझ्याकडे परत येऊ. आईच्या गटाचं रजिस्टर. सभासद किती, महिन्याची बचत किती, कर्ज कुणाला दिलं, व्याज किती, हप्ता चुकला तर दंड कोणी मागायचा. एखादी बाई म्हणते ‘मी मागच्या महिन्यात दिले होते’ आणि वहीत ते दिसत नाही, तेव्हा तू काय करतेस? आईच्या मैत्रिणीला ‘मावशी, तुमचे राहिलेत’ हे तोंडावर कसं सांगतेस? मला विचारशील तर गटप्रमुखाला लागणारं जवळजवळ सगळं यात आलं: पैशाचा चोख हिशोब, वयानं मोठ्या माणसांशी बोलणं, भांडण पेटू न देणं आणि महिनोन्‌महिने न चुकता एक काम करणं.

वहीचं मोल मला फार लवकर कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बी.ए.ला होते. गणपती विसर्जनाची रात्र, गावं नुकती झोपलेली. पुढच्या आठवड्यात आम्ही काही मुलं-मुली औसा तालुक्यातल्या एका गावात मदतीला गेलो. कपडे, ब्लँकेटं, धान्य ट्रकनं येत होतं. वाटप सुरू झालं की पुढं असणाऱ्याला तीन वेळा मिळायचं, मागच्याला एकदाही नाही. आमच्यातली एक अबोल मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेची वही घेऊन तंबूतंबूत फिरली. कोणत्या कुटुंबात किती जीव उरले, लहान किती, पांघरूण मिळालं का, एवढंच लिहीत गेली. संध्याकाळपासून वाटप त्या वहीवरून झालं. तिला कोणी मुलाखतीला बसवलं असतं तर ती बहुधा चार वाक्यंही बोलली नसती. मी पुढे निवड करायला बसले तेव्हा ती मुलगी कायम माझ्या डोळ्यांपुढे असायची.

म्हणून ‘स्वतःबद्दल सांग’ याचं उत्तर असं बांध. नाव, वर्ग, गाव एका दमात. लगेच एक काम, त्यातल्या एका प्रसंगासकट. मग इथे कशासाठी आलीस ते. सगळं मिळून मिनिटभर. नमुना देते, पण पाठ करू नकोस, तुझे आकडे आणि तुझा प्रसंग घाल: ‘मॅडम, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, गाव परभणी जिल्ह्यातलं. आईच्या बचत गटाचं रजिस्टर मी आठवीपासून लिहिते. बारा बायका आहेत. एकदा दोनशे रुपयांचा फरक आला होता, तेव्हा मी प्रत्येकीच्या घरी जाऊन तिच्या पासबुकाशी वही ताडून बघितली आणि चूक माझी निघाली, ती बैठकीत सांगितली. शिबिरात साहित्याचा आणि खर्चाचा हिशोब ठेवायचं काम मला जमेल असं वाटतं, म्हणून आलेय.’ यात एकही मोठा शब्द नाही. पण समोरच्याला चार प्रश्न विचारावेसे वाटतील, आणि त्या चारही प्रश्नांची उत्तरं तुला माहीत असतील. प्रश्न तुझ्या अंगणात आला की अर्धी भीती जाते.

चूक सांगायला घाबरू नकोस, हेही त्यात आलं. मी एक प्रश्न नेमानं विचारायचे, ‘तू झाडं लावलीस म्हणतोस, त्यातली जगली किती?’ मराठवाड्यात जुलैत खड्डे खणून फोटो काढणं सोपं आहे, मे महिन्यात घागरीनं पाणी घालणं अवघड. बहुतेक जण म्हणायचे, ‘सगळी.’ एक मुलगा म्हणाला, ‘पन्नासातली अकरा. बाकीची शेळ्यांनी खाल्ली, काटेरी कुंपण करायला आम्ही उशीर केला.’ त्याला मी तिथेच घेतलं. आकडा लहान होता, पण तो मार्चपर्यंत त्या झाडांकडे जात होता हे त्यातून दिसत होतं.

‘शिबिरात दोन मुलांचं भांडण झालं तर काय करशील?’ हा प्रश्न येतोच. ‘समजावून सांगेन’ एवढ्यावर थांबू नकोस. आधी दोघांना वेगळं करेन, मग कोणाला बोलवेन, मॅडमना कधी सांगेन, असा क्रम सांग. आणि सुचलं नाही तर ‘जरा विचार करून सांगते’ म्हण. हे वाक्य म्हणणाऱ्या मुलांबद्दल माझं मत कधी वाईट झालं नाही.

संस्थेची माहिती थोडी तरी हवी. रासेयो २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर, असं स्वयंसेवकाचं गणित असतं. बिल्ल्यावर कोणार्कचं रथचक्र आहे, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. हे विचारतील किंवा नाही विचारणार. पण १२० तासांचा आकडा तुझ्या स्वतःसाठी महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येते.

भाषेचं आता. मी मराठी शिकवते, म्हणून जबाबदारीनं सांगते: ‘करायले’, ‘जायले’, ‘लई’, ‘कामून’ हे अशुद्ध नाही, ही आपल्याकडची बोली आहे. असे शब्द ऐकून मी कोणाला मागे सारलं नाही. मागे सारणारे मात्र मी बघितलेत, ते खोटं कशाला बोलू. त्यामुळे एवढं कर. पहिली दोन-तीन वाक्यं जरा सावकाश, वर्गात उत्तर देतेस तशी म्हण. पुढे बोलण्याच्या ओघात बोली आली तर येऊ दे, मध्येच थांबून दुरुस्त करत बसू नकोस. त्या दुरुस्तीपायी सांगायचा मुद्दाच हातचा निसटतो. कोणी इंग्रजीत विचारलं आणि प्रश्न कळला असेल तर ‘मराठीत सांगू का?’ असं सरळ विचार.

बोलीपेक्षा दुसरीच एक गोष्ट मला खुपते. आपल्या मुली वाक्याच्या शेवटी आवाज गिळतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. शेवट गिळला की ‘केलं’ म्हणाली की ‘केलं नाही’, हेच समोर पोचत नाही. मोबाईलवर स्वतःचं बोलणं एकदा रेकॉर्ड करून ऐक, लगेच कळेल. आरशापुढे सराव नको, आरसा प्रश्न विचारत नाही. खोलीतल्या मैत्रिणीला सांग, ‘मी बचत गटाचं सांगते, तू मध्येमध्ये विचार.’ तीन दिवस रोज एकदा, एवढं पुरे.

थरथर पूर्ण जाणार नाही आणि ती गेली पाहिजे असंही नाही. मुलाखत म्हटलं की शरीर धावपळीच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, बोटं थरथरतात. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावला की धडधड उतरते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या आठ-दहा वेळा तसं कर. उपाशीपोटी नुसता चहा घेऊन जाऊ नकोस, त्यानं हात जास्तच कापतात. पोहे खा, नाहीतर भाकरी खाऊन जा. आणि हातात सुटा कागद धरू नकोस. माझ्यासमोर एक मुलगी अर्ज धरून उभी होती, कागदाचा फडफड आवाज खोलीभर येत होता, आणि तो ऐकून ती आणखी घाबरत होती. मी म्हटलं, ‘ठेव गं तो टेबलावर.’ कागद खाली ठेवल्यावर ती नीट बोलली. तू फाईल मांडीवर ठेव, हात त्यावर ठेव. गळ्यातल्या ओढणीचं टोक गुंडाळत बसायची सवय असेल तर ओढणी पिनेनं नीट लावून जा.

मुलींना एक प्रश्न हमखास असतो, ‘सात दिवस घरचे पाठवतील का?’ इथे फार मुली अडखळतात. मुलाखतीत ‘हो’ म्हणतात, शिबिराच्या आदल्या संध्याकाळी वडिलांचा फोन येतो आणि जागा रिकामी राहते. म्हणून बोलणं आधी घरी कर, मुलाखत नंतर. आईला नुसतं ‘शिबिर आहे’ म्हणू नकोस. गाव कोणतं, मुलींची राहायची सोय कुठे, सोबत कोणत्या मॅडम आहेत, त्यांचा नंबर, हे सगळं सांग. वडिलांना शंका असेल तर त्यांना एकदा कॉलेजात आणून मॅडमशी भेट घालून दे. माझ्याकडे असे कितीतरी बाप आलेत. दारात चप्पल काढून उभे राहायचे, पाच मिनिटं बोललं की म्हणायचे, ‘तुम्ही असल्यावर काळजी नाही.’ आणि घरून नकारच असेल, तर तोही सांग. ‘शिबिराला जमणार नाही, पण वर्षभरातली बाकीची कामं करेन’ हे प्रामाणिक उत्तर आहे. त्यावर निवड होईल की नाही, ते त्या कॉलेजवर आहे.

समोर तिसऱ्या वर्षाची मुलं असतील आणि नाचून दाखव, कोण आवडतं ते सांग, असलं काही विचारलं, तर ‘याचा कामाशी संबंध काय?’ म्हणून थांब. पुढे रेटलं तर उठून बाहेर ये आणि प्राध्यापकांना सांग. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तिथे मुलाखत गेली तर जाऊ दे.

आता तीन मुलाखतींचं. माझं मत विचारशील तर तिन्ही देऊ नकोस. रासेयोचे १२० तास, त्यात बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स आणि जर्नल्स. ‘वेळ कसा काढशील?’ हे तिन्ही ठिकाणी विचारतील, आणि तिन्ही ठिकाणी खरं उत्तर देता येणार नाही. रासेयो धर, कारण तिथलं काम तू आधीपासून करतेच आहेस. वार्षिकांकाचं काम परीक्षेच्या तोंडावर येतं, मुद्रितं तपासायला रात्री जातात. लिहायची मनापासून हौस असेल तरच जा. सांस्कृतिकमध्ये कला नसली तरी जागा असते, हे मात्र लक्षात ठेव. केंद्रीय युवक महोत्सवाला संघ निघाला की नऊवाऱ्या, दागिने, ढोलकी, ओळखपत्रं, कोणाची एन्ट्री किती वाजता, हे सांभाळणारं माणूस लागतं. दरवर्षी परत येताना काहीतरी हरवतं आणि त्याचे पैसे मॅडमच्या खिशातून जातात. ‘मी साहित्याची यादी ठेवेन’ म्हणणारी मुलगी मला त्या खुर्चीत असताना एकदाच मिळाली.

निवड नाही झाली, तर दोन-तीन दिवस जाऊ दे आणि मग मॅडमना भेट. ‘का घेतलं नाही?’ असं विचारलंस तर त्या सावध होतील. ‘पुढच्या वेळी कशाची तयारी करू?’ विचार, म्हणजे खरं उत्तर मिळेल. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिदिनाला किंवा रक्तदान शिबिराला नोंदणीच्या टेबलावर बसू का, हेही त्याच भेटीत विचारून घे. त्याला पद लागत नाही.

या रविवारी गावी जाशील तेव्हा रजिस्टर काढून बस. पहिलं पान कोणत्या तारखेचं आहे, तेव्हा सभासद किती होते, आज किती, आतापर्यंत बचत किती जमली, सगळ्यात मोठं कर्ज कशासाठी दिलं आणि ते फिटलं का, एवढं एका कागदावर उतरवून घे. एखादा हिशोब चुकलेला सापडला तर तोही लिही. आणि वडिलांशी शिबिराचं बोलणं त्याच फेरीत उरकून ये.